वजन उतरवायचा हंगाम

आज पहाटे खिडकी उघडली आणि मळीचा वास आत आला. म्हणजे गाळप सुरू झालं. पेपरात वाचायला नको, कुणी सांगायला नको. बारामतीत आयुष्य काढलेल्या माणसाचं नाक तेवढं शहाणं असतंच. आंबूस, गोड, जरा जळका असा तो वास. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला त्याचं काही नाही. मला मात्र त्या वासानं अजून दमायला होतं. काही काम न करता, नुसतं खिडकीत उभं राहून दमायला होतं, आणि जिभेवर त्रिफळ्याची चव येते.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतला कुठलातरी तो हंगाम. माझी चाळिशी उलटून चार वर्षं झाली होती आणि अंग सुटलं होतं. चांगलंच सुटलं होतं. शिंप्यानं ब्लाऊजांची माया दोनदा उसवून दिली, तिसऱ्यांदा आतली शिवण मला दाखवत म्हणाला, "बाई, आता माया शिल्लक न्हाय. नवीनच शिवा." एसटीच्या पायरीवर पाय ठेवला की कंडक्टर आपणहून म्हणायचा, "सावकाश बाई, गाडी कुठं पळती का." तो बिचारा चांगल्या मनानं म्हणायचा, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी लासुर्ण्याच्या शाळेत शिकवत होते. घर बारामतीला. यांची नोकरी सोमेश्वरनगरकडे कारखान्यात, मोटारी दुरुस्त करायच्या विभागात. म्हणजे घर मधोमध आणि आम्ही दोघं दोन टोकांना. पहाटे उठायचं, डबे करायचे, एसटी पकडायची, दिवसभर पोरांपुढं घसा कोरडा करायचा आणि संध्याकाळी परत. हंगामात तर विचारूच नका. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रेलर, त्याच्यापुढं बैलगाड्यांची रांग. आमची एसटी त्यांच्या मागं रांगत यायची. खिडकीतून हात बाहेर काढून कुणीतरी ऊस ओढायचं, सोलायचं, आणि शेजारी म्हणून मलाही एक कांडकं मिळायचं. नाही कसं म्हणायचं? उसाच्या मुलखात ऊस नको म्हणणारी बाई आजारी तरी असते, नाहीतर शिष्ट तरी.

आजारी म्हणाल तर मी होतेच, नुसतं नाव ठेवायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर काठावर आहे, गुडघे झिजायला लागलेत, वजन उतरवा. आमच्याच शाळेतल्या एका गुरुजींचा साखरेनं आधी अंगठा गेला होता, मग पाऊल. ते काठी टेकत वर्गात यायचे तेव्हा मुलं एकदम गप्प व्हायची. ती शांतता मला सहन व्हायची नाही. मुलगी पुण्याला वसतिगृहात, तिचं शिक्षण अर्ध्यात. मला पाय हवे होते, दोन्ही. दुसरं काही सुंदरबिंदर दिसायचं नव्हतं.

इंदापूरला शिक्षकांची सभा असायची. सभा कसली, माना डोलवायच्या, चहा प्यायचा आणि गरम भजी खायची. त्या सभेनंतर एका बाईंनी मला तिथल्या वैद्यांकडं नेलं. बाजाराच्या वाटेवर त्यांचा दवाखाना. वृद्ध गृहस्थ, अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, नखं बघितली. मग विचारलं, "भूक कधी लागते?"

मी म्हटलं, "सकाळी निघताना खाते, मधल्या सुट्टीत डबा, आल्यावर चहाबरोबर काहीतरी, आणि रात्री जेवण."

"कधी खाता ते नाही विचारलं. भूक कधी लागते?"

खरंच आठवेना. एसटी चुकू नये म्हणून खायचं, घंटा झाली म्हणून खायचं, पाहुणा आला म्हणून त्याच्याबरोबर खायचं, उरलं म्हणून खायचं. वाट बघून, पोटात आग पडून खाल्लेलं शेवटचं कधी, ते मला सांगता येईना. वैद्य म्हणाले, "भूक लागल्याशिवाय खायचं नाही, एवढं केलंत तरी पुष्कळ." मग बाकीचं सांगितलं. सकाळी कोमट पाण्यात मध. रात्री त्रिफळा. संध्याकाळी नुसतं मुगाचं कढण. अंगाला हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं पीठ कोरडं चोळायचं, खालून वर. आणि योगासनं, रोज, न चुकता.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं, आणि तिथंच घोटाळ्याला सुरुवात झाली.

आई मूळची डाळजची. वडील गेल्यावर मी तिला आमच्याकडं आणलं होतं. हाडापेरानं किडकिडीत, पण कामाला वाघीण. रविवारी पांढरं लुगडं नेसून विहारात जायची, बाकी सगळे दिवस चुलीपुढं. गॅस होता घरात, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागायची. उजनीच्या पाण्यातली चिलापी मासळी कुणी आणून दिली की ती असं कालवण करायची की शेजारचे वास घेऊन यायचे. तिच्या लहानपणी भाकरी हातात मिळत नव्हती, वरून पदरात टाकली जायची. त्यामुळं स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या पिठाची, आपल्या माणसाला वाढलेली भाकरी हा तिचा सगळ्यात मोठा अभिमान होता. माझं अंग भरत गेलं तशी ती खूश होत गेली. "आता कशी मास्तरीण दिसतीस," म्हणायची.

"भूक लागंस्तवर खायचं न्हाय?" ती म्हणाली. "ह्येला औषध म्हणत्यात? आन त्यो फी घेतो?"

"आई, साखर वाढलीय माझी."

"मंग चहात कमी टाक. उपाशी कशाला मरायचं?"

तिला समजावणं म्हणजे दगडावर पाणी. मी हातपाय धुतले आणि मुगाचं कढण पिऊन आडवी झाले. आई कितीतरी वेळ माझ्या उशाशी बसून होती. मी डोळे मिटून घेतले, कारण बोलायला लागलो असतो तर दोघी भांडलो असतो, आणि भांडायलाही अंगात बळ हवं.

हुलग्याचं पीठ हा तर वेगळाच तमाशा. गिरणीवाल्यानं विचारलं, "माडगं शिजवायचंय का शेंगोळी, बाई?" मी म्हटलं, "दोन्ही न्हाय, अंगाला लावायचंय." त्यानं गिरणी बंद करून माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीत बसून मी पायाला पीठ चोळत होते. खरखरीत, कोरडं, कातडी लाल होईपर्यंत. वरून पाणी घेतलं आणि मोरीतून सगळं वाहून गेलं. बाहेर आई नेमकी भांडी घासत होती.

"कमळे, काय सांडतंय गं तुझ्याकडनं?"

"हुलग्याचं पीठ. त्यानं चरबी झडती."

मी बाहेर आले तर मोरीच्या तोंडाशी उकिडवी बसली होती, आणि त्या तांबूस पाण्याकडं बघत होती. म्हणाली, "बहात्तरला खडी फोडून आले की शेजारणीकडनं मूठभर हुलगं आणायची. जात्यावर भरडायची. तुमी तिगं माडग्याच्या वासानं उठून बसायचा." एवढंच. मग उठून आत गेली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग आला होता आणि स्वतःचाही. साधं वजन उतरवायचं तर त्यात सगळा दुष्काळ मध्ये येत होता. मी काय पाप करत होते? मला पाय वाचवायचे होते.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत जाते तर तिथं मोठी परात मांडलेली. "हितं उभं राहून चोळ," आई म्हणाली. "सांडलेलं मी न्हेते." मी परातीत उभी राहून पीठ चोळायचे, आणि आई ते गोळा करून शेजारच्यांच्या शेळीला घालायची. पंधरवड्यात शेळी अशी भरली की शेजारीण विचारायला लागली, काय घालताय म्हणून. मी होते तशीच होते.

योगासनांचा वर्ग नगरपालिकेच्या शाळेत भरायचा, संध्याकाळी. शिकवायला पीटीचे निवृत्त सर. आयुष्यभर पोरांकडून कवायत करून घेतलेली, त्यामुळं शिट्टीशिवाय त्यांना काही जमायचं नाही. एक शिट्टी, श्वास घ्या. दोन शिट्ट्या, सोडा. आम्ही सगळ्या चाळिशीपलीकडच्या, पंजाबी ड्रेस शिवून घ्यायची लाज, म्हणून नऊवारीवाल्या नऊवारीत आणि पाचवारीवाल्या पाचवारीत, निऱ्या खोचून. पवनमुक्तासनाला सगळ्या एकमेकींकडं बघून हसायच्या आणि कारण सगळ्यांना माहीत असायचं. सर भिंतीकडं तोंड करून शिट्टी वाजवायचे. वज्रासनात माझे गुडघे असे बोलायचे की शेजारची दचकायची.

पण शवासन! सर म्हणायचे, "काही करू नका. नुसत्या पडून राहा." मला तेव्हा रडूच यायचं, खोटं कशाला सांगू. जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. फरशी गार, डोक्यावर करकरणारा पंखा, बाहेर रस्त्यानं चाललेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. मी तिथंच झोपी जायचे. शिट्टी वाजली तरी उठायचे नाही. एकदा शेजारणीनं हलवून उठवलं, म्हणाली, "बाई, तुमचं वजन न्हाय, झोप राहिलीय." खरं होतं ते. त्या वयात आम्हा बायकांचं निम्मं अंग म्हणजे न झोपलेली झोपच असायची, असं मला आज वाटतं. भूक लागली म्हणून खात नव्हतो, दमलो म्हणून खात होतो. बसून खायला मिळतंय म्हणजे तेवढा वेळ बसायला मिळतंय.

मध संपला तेव्हा थंडी ऐन भरात होती. बाटली उलटी करून बघत होते, तर आई म्हणाली, "मध इकत कशाला आणायचा? काकवी हाय की. डाळजहून भाच्यानं धाडलीय, गुऱ्हाळावरची, ताजी. त्येनं रगात वाढतं." मला पटलं. आमच्या भागात काकवी म्हणजे औषधच. बाळंतिणीला काकवी, अशक्त पोराला काकवी, खोकल्याला काकवी. मी योगाच्या वर्गात सांगितलं. ज्या कुणी मध घेत होत्या त्या सगळ्यांनी बाटल्या बाजूला ठेवल्या आणि काकवी सुरू केली, आपल्याच भागातली म्हणून जरा जास्तच. सगळ्या मिळून आम्ही रोज सकाळी कोमट पाण्यात उसाचा पाक पीत होतो आणि संध्याकाळी शिट्टीवर घाम गाळत होतो. सर बुचकळ्यात पडले. इंदापूरला वैद्यांनी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, मग मधाचं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, मफलरनं पुसला, परत घातला.

"बाई, तुम्ही शिक्षिका ना?"

"हो."

"मग बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी खाली मान घालून एसटी स्टँडवर आले.

घरी आल्यावर मी आईवर चिडले. तिनं जाणूनबुजून केलं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "व्हय, केलं. कायतरी गोड पोटात जावं म्हणून केलं. सांजच्याला नुसतं पिवळं पाणी पिऊन निजतीस." मी ताडकन म्हटलं, "माझ्या जेवणात तू पडू नको." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती खरंच काही बोलेनाशी झाली. मी वर्गाहून यायचे, कढण प्यायचे, अंथरुणाला पाठ टेकायचे. हे पाळीवरून उशिरा यायचे. मला वाटायचं आई यांच्याबरोबर जेवत असेल. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या, चोळी अंगावर लोंबत होती. वय झालं, थंडी बाधली, असं म्हणून मी सोडून दिलं. मला माझ्याच अंगाचं इतकं झालं होतं की दुसरं अंग दिसत नव्हतं.

एका सकाळी ती हौदापाशी घागर भरता भरता खाली बसली, आणि तशीच कलंडली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "काही आजार नाही. पोटात अन्न नाही. किती दिवस झाले या नीट जेवत नाहीत?"

मी यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं.

"मला वाटलं तुझ्याबरोबर जेवतात," हे म्हणाले. "मी आलो की ताट वाढून देतात आणि दाराशी बसतात."

मी खाली माझ्या पायांकडं बघितलं. ज्या पायांसाठी एवढं चाललं होतं ते. जिच्या अंगावर उतरवायला काही नव्हतंच, तिचंच वजन उतरत होतं. माझ्या घरात, माझ्यासमोर. शिकलेली लेक, पगार, पक्कं घर, धान्यानं भरलेले डबे, आणि आईच्या पोटात अन्न नाही. मी कॉटच्या कडेला बसून मोठ्यानं रडले. नर्स आत येऊन गेली तरी रडत होते.

आई शुद्धीवर होती. मला म्हणाली, "गप. एवढं काय न्हाय झालं."

"का गं असं केलंस?"

"मुद्दाम न्हाय केलं. घास उतरंना, त्येला मी काय करू? लेक उपाशी निजलीय आन मी वरपती? न्हाय जमत मला. कवाच न्हाय जमलं."

"मग आता काय करायचं आई? मी जेवले तर माझा पाय जाईल. नाही जेवले तर तू जाशील."

तिनं विचार केला. सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिली, थेंब पडतात तिकडं. मग म्हणाली, "एका ताटात बस माझ्याबरं. तू खाशील तेवढं खा. मी बी खाते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण मनातून धास्तावले. एका ताटात बसल्यावर ही बाई सगळं माझ्याच पुढ्यात सारणार, हे मला ठाऊक होतं. आणि मी नाही खाल्लं तर ती हात आखडणार.

पुढचं आधीच सांगून टाकते. हंगाम संपता संपता, उसाची शेवटची वाहनं रस्त्यावरून कमी व्हायला लागली तेव्हा, माझं वजन बऱ्यापैकी उतरलं. साखर काठावरून मागं सरली. आजही, या वयात, माझ्याच दोन पायांवर मी खिडकीशी उभी आहे. शिंप्याकडं मी पुन्हा गेले, यावेळी शिवणी आत घ्यायला. आईच्या बांगड्या मनगटाशी राहायला लागल्या. वैद्य म्हणाले, औषध लागू पडलं, आणि मी मान हलवली. त्यांना सगळं कुठं सांगत बसू? झालं ते त्या पहिल्याच संध्याकाळी झालं.

दवाखान्यातून आणलं त्या दिवशी मी वर्गाला गेले नाही. दिवेलागणीला आईनंच भाकरी थापली, कुणाला करू देईना. बाजरीची, चांगली फुगलेली. वर मेथीची भाजी आणि कांदा. एकच ताट मधे ठेवून आम्ही दोघी चुलीपुढं बसलो. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तिच्या धावपळीत राहूनच गेलं होतं. भाकरीचा वास आला आणि पोटात खड्डा पडला. कडकडून भूक, शाळकरी वयात लागायची तशी. वैद्यांना सांगावंसं वाटलं, ही बघा, लागली.

आईनं भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडं सारला. मी तो अर्धा करून तिच्याकडं सारला. तिनं परत माझ्याकडं सारला. आम्ही दोघी खात होतो आणि ताटात तो तुकडा इकडून तिकडं फिरत होता. आणि मला एकदम ते जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट आठवलं. दुष्काळातलं. आम्ही तिघं भावंडं आणि आई, त्याच एका ताटात. मी मोठी, परकर-पोलक्यातून बाहेर येत असलेली, तरी मला कळलं नव्हतं. आई एक घास घ्यायची, दुसरा घ्यायची, आणि हात झटकून म्हणायची, "माजं झालं." मग तांब्याभर पाणी प्यायची. आम्ही ताट चाटूनपुसून घ्यायचो. आईचं पोट लहान असतं, आयांची पोटं लहानच असतात, असं मला किती वर्षं खरंच वाटत होतं.

मी समोर बघितलं. आई खात होती. सावकाश, पण चवीनं, भाजीत भाकरी चुरून. तिला भूक होती. चांगली, दणकून भूक होती. बहात्तरलाही एवढीच असणार. खडी फोडून आलेल्या बाईला भूक नसेल?

ताटात अर्धी भाकरी होती. मला ती हवी होती. खरं सांगते, त्या अर्ध्या भाकरीसाठी माझा जीव कासावीस झाला होता. मी हात झटकला.

"आई, माझं झालं."

आईचा हात थांबला. तिनं वर बघितलं. चुलीच्या उजेडात माझ्या तोंडाकडं, मग माझ्या हाताकडं, मग मी तोंडाला लावलेल्या पाण्याच्या तांब्याकडं. कितीतरी वेळ बघत होती. मी तांब्या खाली ठेवला नाही.

"व्हय," ती म्हणाली, "झालंच आसंल." आणि तिनं ताट आपल्याकडं ओढून घेतलं.